बदलीवाला

आमच्या खोलीचा नंबर चौदा. एक्स-रेच्या पुढे, कॉरिडॉर संपतो तिथे. दारावर पाटी आहे, पण ती वाचून सरळ आत येणारा माणूस मी बावीस वर्षांत फार कमी पाहिला. येणारा आधी पाटी ओलांडून पुढे जातो, भिंतीपाशी पोचतो, तिथून वळतो आणि दारात उभा राहून विचारतो, एक्स-रे कुठे काढतात? मी सांगते, मागे राहिला, पण आलाच आहात तर बसा, पाणी प्या. निम्मे बसतात. एचआयव्हीच्या तपासणीआधी आणि तपासणीनंतर माणसाशी बोलायचं, हे माझं काम. माझी नणंद म्हणते, तुला बोलण्याचाच पगार मिळतो, मग घरी फुकट कशाला बोलतेस? म्हणू दे.

आज ज्याच्याबद्दल सांगतेय तो लांब पल्ल्याच्या बसवर बदली ड्रायव्हर आहे. सांगू का, असं मी त्याला विचारलं होतं. तो म्हणाला, नाव सोडून सांगा, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. म्हणून मी त्याला बदलीवालाच म्हणणार. डेपोतही त्याला तेच म्हणतात.

बदली ड्रायव्हरला स्वतःची गाडी नसते, स्वतःचा रूट नसतो. सकाळी साडेपाचला डेपोत यायचं, बाकावर बसायचं आणि कोण आलं नाही ते बघायचं. कुणाचं पोर तापाने फणफणलंय, कुणाची कंबर धरलीय, कुणाला सासऱ्यांना दवाखान्यात न्यायचंय, की हा चढला गाडीवर. अकरा वर्षं असंच. साहेब 'करतो तुला कायम' म्हणत राहिले आणि हा 'बरं साहेब' म्हणत राहिला. कुणालाही 'नाही' म्हणणं त्याला जमतच नसे. अंगाने काडी, मान जरा लांब, हसला की पुढचा अर्धा तुटलेला दात आधी दिसतो. कुठल्या गाडीचा दुसरा गिअर रुसतो, कुठल्या गाडीचा वायपर हाताने ढकलावा लागतो, सगळं त्याला पाठ. रोज दुसऱ्याची गाडी हाकायची म्हटल्यावर तिच्या खोडी माहीत हव्यातच.

त्या डेपोत अदलाबदल इतकी अंगवळणी पडली होती की विचारू नका. ड्यूटी बदलायची, सुट्टी बदलायची, विश्रांतीच्या खोलीतली खाट बदलायची, एकाच्या युनिफॉर्मचा शर्ट दुसऱ्याच्या अंगात. कारकून हजेरी घ्यायचा तेव्हा 'हजर' असा आवाज आला की पुरे, तो कुणाच्या तोंडून आला हे बघायला तो मान वर करत नसे. गाडी वेळेवर सुटली की त्याचं काम झालं.

बदलीवाल्याचा जिवलग दोस्त म्हणजे टाकी. छपरावर पाण्याची टाकी असते ना, तसा देह, म्हणून टाकी. उतारावर ब्रेक गेलेली गाडी यानेच एकदा नुसत्या गिअरवर खाली आणली होती, आतल्या पन्नास माणसांना पत्तासुद्धा लागला नाही. असा वाघ. पण सुई दिसली की आडवा.

आता डेपोत वर्षातून एकदा कायम नोकरीवाल्यांची तपासणी होते. डोळे, रक्तदाब, रक्तातली साखर, एवढंच. तीन वर्षं टाकीचं रक्त बदलीवाला देत होता. टाकीचं नाव पुकारलं की हा उठायचा, टाकीच्या नावापुढे सही ठोकायचा आणि बाही वर करायचा. कुणाला त्यात काही गैर वाटत नव्हतं. ज्याच्या जागी गाडी चालवतो त्याच्या जागी हात पुढे केला, त्यात काय एवढं? बदलीवाल्याचं स्वतःचं नाव यादीत नव्हतंच, तो कायम नव्हता ना. त्यामुळे त्याला वाटायचं, दोस्ताचं काम होतं आणि आपलीही तपासणी होऊन जाते. टाकीचा रिपोर्ट चांगला आला की हा खूश. घरी जाऊन बायकोला सांगायचा, यंदाही सगळं नॉर्मल.

चौथ्या वर्षी डेपोने आम्हालाही बोलावलं. ज्याची इच्छा असेल त्याची एचआयव्हीची तपासणी, जबरदस्ती नाही. वर्कशॉपमध्ये बाकं मांडली होती, एका बाजूला टायर रचलेले, जमिनीवर ऑइलचे डाग. मी माझं नेहमीचं सांगितलं. निरोध न वापरता केलेल्या शरीरसंबंधातून, बाधित रक्तातून, दुसऱ्याने वापरलेल्या सुईतून आणि आईकडून बाळाला, असा हा पसरतो. एका ताटात जेवल्याने नाही, मिठी मारल्याने नाही, डास चावल्याने नाही. तोंडाकडे बघून ओळखता येत नाही, माणूस वर्षानुवर्षं ठणठणीत दिसतो. बहुतेकांचं काहीच निघत नाही, पण ज्याचं निघतं त्याला तोवर गंधही नसतो. एकाने मागून विचारलं, मॅडम, स्टिअरिंगवरून लागतो का? मी म्हटलं, स्टिअरिंगवरून फक्त ग्रीस लागतं. हशा पिकला आणि मग रांग लागली. यादी वाचायला डेपोचा कारकून, रक्त काढायला आमचा लॅबवाला. टाकीचं नाव आलं, बदलीवाला पुढे झाला, संमतीच्या कागदावर सही केली, हात पुढे केला. मी चार फुटांवर चहा पीत उभी होते. माणूस आणि नाव जुळतंय का हे बघायचं आमचं काम होतं, ते आम्ही केलं नाही. यावरून मी स्वतःला आजही सुनावते.

तिसऱ्या दिवशी मी टाकीला फोन केला. फोनवर आम्ही काही सांगत नाही, फक्त रिपोर्ट घ्यायला या म्हणतो. तो आला, सरळ आत आला, खुर्ची करकरली. मी हळूच सांगितलं, पहिल्या तपासणीत शंका आलीय, अजून पक्कं काही नाही, खात्रीसाठी नवं रक्त घेऊन पुन्हा तपासावं लागेल. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. माणसं अशा वेळी म्हणतात, शक्यच नाही, मी तसला नाही. हा तसं काही बोलला नाही. त्याने एवढंच विचारलं, हे त्या दिवशीच्या रक्तावरून ना? आणि चूक होऊ शकते ना? मी म्हटलं, होऊ शकते, पहिली तपासणी कधीकधी उगाच शंका दाखवते, म्हणूनच परत बघतो.

लॅबवाल्याने सुई काढली आणि टाकी बाकावरून घसरला. त्याला आडवा करायला मी, लॅबवाला आणि एक्स-रेचा माणूस असे तिघे लागलो. लॅबवाला नंतर कुरकुरला, शीर सापडायला पाच मिनिटं गेली, डेपोत तर त्या दिवशी एकाही हाताने त्रास दिला नव्हता. तो माणसाचं तोंड बघत नाही, शिरा बघतो. मी त्याचं बोलणं कानाआड केलं. तिथेही माझं चुकलं.

नवा रिपोर्ट स्वच्छ आला. मी टाकीला समोर बसवून सांगितलं, तुम्हाला काही नाही, पहिली शंका खोटी निघाली असणार. अशा वेळी माणसाच्या जिवात जीव येतो, कुणी रडतो, कुणी मला पेढ्यांपासून परदेशवारीपर्यंत काय वाटेल ते कबूल करतो. टाकी नुसता 'बरं' म्हणाला. उठला, दारापर्यंत गेला. मी फाइल बंद केली आणि त्याच्या पाठीकडे बघत माझं शेवटचं वाक्य म्हटलं. ते मी सगळ्यांना म्हणते, कंडक्टर 'पुढे सरका' म्हणतो तसं. घरात, नात्यात, ओळखीत कुणी गरोदर असेल तर तिला ही तपासणी करायला सांगा. आईला असलं तरी वेळेत औषधं सुरू केली तर बाळ बहुतेक वाचतं, त्याला लागण होत नाही.

टाकी दाराची कडी धरून उभा राहिला. मग परत येऊन बसला.

"किती महिन्यांपर्यंत चालतं, मॅडम?"

मी म्हटलं, जितकं लवकर तितकं बरं.

"सातवा लागला असेल तर?"

"तर आज. उद्यासुद्धा नको. कोण आहे?"

त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि मग सगळं सांगितलं. ते पहिलं रक्त बदलीवाल्याचं होतं, आणि बदलीवाल्याच्या बायकोला सातवा महिना होता.

मी चिडले. बाहेर एक्स-रेची रांग होती म्हणून दबक्या आवाजात चिडले, आणि दबक्या आवाजातला माझा राग जास्त वाईट असतो. चार दिवस हा माणूस गप्प बसला होता. त्याने कारण सांगितलं. खोटी सही उघडी पडली तर बदलीवाल्याला डेपोतून हाकलतील, अकरा वर्षांची वाट पाहणं वाया जाईल. आणि दुसरं म्हणजे, मीच त्याला म्हणाले होते, पहिली शंका खोटी असू शकते. त्याला ते खरं मानायचं होतं. पळवाट मीच त्याच्या हातात दिली होती.

बदलीवाला तेव्हा कुणाच्या तरी जागी गाडीवर होता. दुपारी गाडी आली तशी टाकीने त्याला उतरवला आणि थेट माझ्यापुढे आणून बसवला. वाटेत काही सांगितलं नव्हतं. याने आल्या आल्या मला विचारलं, टाकीला काही झालंय का? मी म्हटलं, टाकी ठणठणीत आहे, तुम्ही बसा. टाकी बाहेर जाऊन बसला. मी सांगितलं. त्याने निमूटपणे बाही वर केली. या वेळी कागदावर त्याचं स्वतःचं नाव होतं. आम्ही एका रक्तावर वेगवेगळ्या तीन तपासण्या करतो. तिन्हींचं उत्तर एकच आलं.

कसं झालं असेल, हे मी त्याला विचारलं, कारण ते माझ्या कामात येतं. त्याने सांगितलं. ते तुम्हाला सांगणार नाही. लोक सगळ्यात आधी हेच विचारतात. विचारू देत.

खरी धास्ती होती ती बायकोची. ती घरी पडदे शिवते, हॉटेलांचे, ऑफिसांचे. चौथ्या महिन्यात डॉक्टरांनी तिच्या कागदावर ही तपासणी लिहून दिली होती. तिने घरी येऊन याला विचारलं, करू का? याने सांगितलं, माझं दरवर्षी रक्त तपासतात, सगळं नॉर्मल येतं, माझं नॉर्मल म्हणजे तुझंही नॉर्मल. तिने मानलं आणि तो कागद मशीनच्या खणात ठेवून दिला. साखर तपासली म्हणजे सगळं तपासलं, आणि नवऱ्याचं तपासलं म्हणजे बायकोचं झालं, असं समजणारे मी रोज बघते. शिकलेलेसुद्धा. ज्याचं रक्त तपासलं त्याचंच कळतं, आणि जे तपासलं तेवढंच कळतं. हे मी किती वेळा सांगितलं असेल, देव जाणे.

बदलीवाला टेबलाच्या कडेवर नख घासत राहिला. मग म्हणाला, तुम्हीच तिला सांगा ना. तुम्हाला नीट सांगता येतं. नाहीतर टाकी सांगेल, टाकीचं ती ऐकते.

"मी शेजारी बसेन," मी म्हटलं. "औषधांचं, बाळाचं सगळं मी समजावीन. पण पहिलं वाक्य तुमचं. अकरा वर्षं लोकांच्या जागी उभे राहिलात. इथे तुमच्या जागी कुणी उभं राहणार नाही."

हे बोलून मी माझ्यावरच वैतागले, इतकं टोचून बोलायची गरज नव्हती. तो मात्र रागावला नाही. पाव तास बसून राहिला. बाहेर दोघे ताटकळले होते, ताटकळू दिले. मग उठला आणि म्हणाला, उद्या सकाळी घेऊन येतो.

ती आली तेव्हा गळ्यात माप घ्यायची टेप तशीच होती, काढायची विसरली होती. नेहमीची तपासणी असेल अशी तिची समजूत. दोघं समोर बसली. तो तिच्याकडे बघत नव्हता, पण बोलला. एका दमात बोलला.

"मला एचआयव्ही आहे. कालच कळलं. तुलाही असू शकतो. ती तपासणी तू माझ्या शब्दावर सोडलीस, आणि मला स्वतःलाच काही माहीत नव्हतं."

तिने विचारलं, मग दरवर्षीचे रिपोर्ट? त्याने टाकीच्या नावाचं, साखरेचं, सगळं सांगितलं. ती ऐकत होती आणि गळ्यातली टेप काढून बोटांभोवती गुंडाळत होती. टेप पूर्ण गुंडाळून झाली तेव्हा तिने त्याच्याकडे नाही, माझ्याकडे बघितलं.

"बाळाचं काय?"

मी सांगितलं. आधी तुमचं रक्त बघू. असेल तर आजच गोळ्या सुरू करू, एकही दिवस चुकवायचा नाही. प्रसूती दवाखान्यातच, तिथल्या डॉक्टरांना आधी सांगून. बाळाला जन्मल्यापासून काही आठवडे औषध. शंभर टक्के हमी मी देत नाही, पण अशा कितीतरी बायकांची निरोगी मुलं या खोलीत धुडगूस घालून गेलीत. ती उठली आणि लॅबवाल्याच्या खुर्चीवर जाऊन हात पुढे करून बसली.

तिलाही होता. त्याच दिवशी दोघांच्या गोळ्या सुरू झाल्या.

डेपोला मी काही कळवलं नाही. कुणाला काय आहे हे सांगायचा मला हक्क नाही, आणि गोळ्या वेळेवर घेणारा माणूस गाडी चालवायला तुमच्या-माझ्याइतकाच धडधाकट असतो. पुढच्या कॅम्पला मात्र ओळखपत्र बघितल्याशिवाय सुई लावायची नाही, असं मी लॅबवाल्याला बजावलं. टाकीने त्या वर्षी स्वतःचा हात दिला, बाकावर आडवा पडून, डोळे मिटून. रांगेत हसणाऱ्यांना बदलीवाल्यानेच गप्प केलं.

घरात मात्र अबोला होता. भांडण नाही, तमाशा नाही. ती गोळीची वेळ झाली की गोळी पुढे ठेवायची, औषधाच्या तारखा भिंतीवर लिहायची, पडदे शिवायची, आणि त्याच्याशी कामापलीकडे एक शब्द बोलायची नाही. दर महिन्याला दोघं बरोबर यायची. तो बाकाच्या या टोकाला, ती त्या टोकाला. मुलगी झाली, तेव्हा मध्ये मुलगी. एकदा ती एकटीच आत आली असताना मी माझ्या सवयीने म्हणाले, निदान वेळेत कळलं हे किती बरं झालं.

"बरं झालं, मान्य आहे," ती म्हणाली. "तुम्ही म्हणता, टाकीभाऊजी म्हणतात. पण मॅडम, मी विचारलं होतं त्यांना, करू का म्हणून. ते नको म्हणाले आणि मी ऐकलं. त्यांच्यावर रागावू की स्वतःवर, तेच कळत नाही. म्हणून मी बोलत नाही."

मी तिच्यासाठी चहा मागवला.

मुलीचं रक्त सहाव्या आठवड्यात तपासलं, मग सहाव्या महिन्यात. दोन्ही वेळा स्वच्छ. पण बाळ अंगावर पितं तोवर थोडा धोका राहतोच, आणि आईच्या रक्तातल्या खुणा बाळाच्या रक्तात बरेच दिवस दिसू शकतात, म्हणून अठरा महिने पूर्ण होऊन शेवटची तपासणी होईपर्यंत आम्ही छातीठोकपणे बोलत नाही. ते अठरा महिने त्यांचे कसे गेले असतील ते मी नुसतं बाकाकडे बघून सांगू शकते. त्याचे केस कानांवर पांढरे झाले.

शेवटच्या रिपोर्टच्या दिवशी तिघं आली. पोरीने माझा कागदी रुमालांचा डबा खाली ओढला आणि एकेक रुमाल बाहेर काढायला सुरुवात केली. मी पाकीट उघडलं, वाचलं. लागण नाही. हे सांगताना माझा आवाज फाटला. समोरच्या माणसापुढे आम्ही रडू नये असं आम्हाला शिकवतात, पण मला फार आनंद झाला होता आणि मी तो लपवला नाही. बदलीवाल्याने टेबलावर डोकं टेकलं. त्याचे खांदे हलत होते.

तिने माझ्या हातातून कागद घेतला. माझ्या शब्दावर ती विसंबली नाही. नाव, तारीख, नंबर, निकाल, खालची सही, सगळं स्वतः वाचलं, एक ओळ दोनदा वाचली. घडी करून पिशवीत ठेवला. पोरीला कडेवर घेतलं, रुमाल गोळा केले आणि दारापर्यंत गेली. तिथे थांबून मागे वळली.

"चला घरी," ती त्याला म्हणाली. "सकाळपासून काही खाल्लं नाही तुम्ही."

त्याला लगेच उठता आलं नाही. ती पोरीला कडेवर घेऊन दारात उभी राहिली.